मदत हवी आहे: ‘क = क + १’ पोरांना कसं पटवून द्यायचं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. संगणकाचा तासही माझ्याकडेच, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता. जुने दोन डेस्कटॉप चालतात, पोट्टे तिसेक. दुपारी लाईन राहीलच याची खात्री नाही.

माउस-मॉनिटरची चित्रं काढणं आणि पेंटमध्ये झोपडी रंगवणं बंद केलं. त्याऐवजी न्यूझीलंडच्या टिम बेल आणि मंडळींनी तयार केलेले ‘सीएस अनप्लग्ड’चे खेळ घेतो, त्यांना संगणक लागतच नाही. १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची कार्डं उलटसुलट करून ३१ पर्यंतची कोणतीही संख्या दाखवायची. पटांगणात फक्कीने रेघा आखून दोघादोघांची तुलना करत क्रम लावायचा. पुढचं कार्ड ३२ चं असणार, हे एका पोरीने मी सांगायच्या आधीच ओळखलं. जर-तर आणि लूप, म्हणजे तेच काम परत परत करणं, हेही छान जमतात. (वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग वावरात असतो, तो विषय वेगळा.)

घोडं अडलंय व्हेरिएबलपाशी, म्हणजे प्रोग्राममध्ये संख्या साठवायला दिलेल्या नावापाशी. फळ्यावर ‘क = क + १’ लिहिलं की आठवीवाले म्हणतात, “सर, दोन्हीकडून क वजा केला तर शून्य बरोबर एक येते. हे चूक आहे.” आता गणिताच्या तासाला समीकरणं मीच शिकवतो, त्यांना खोटं कसं पाडू? मग डबा आणि त्यातल्या चिठ्ठीचं उदाहरण दिलं. तर काहींना वाटतं, जुनी चिठ्ठीही आतच राहते. आणि ‘ख = क’ लिहून पुढे क बदलला, तर ख आपोआप बदलतो असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं.

यावर कोणी काय केलंय? व्हिडिओ-ॲप सुचवू नका, इथे रेंजचे वांधे आहेत. पालकांचं म्हणणं तर, “एमएस-सीआयटीच करून घ्या ना, सर्टिफिकेट तरी भेटन.”

प्रतिसाद १
सर, पोरं बरोबरच बोलतात. गणितातलं ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असल्याचं विधान, प्रोग्राममधलं ‘=’ म्हणजे हुकूम. पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत म्हणूनच ‘:=’ लिहितात. तुम्ही काही दिवस फळ्यावर बाण काढा: क ← क + १. उजवीकडचं आधी मोजायचं, मग डावीकडे ठेवायचं.

डबा सोडा, पाटी घ्या. एक पोरगा क, दुसरा ख, दोघांच्या हातात पाटी. पाटीवर एकच संख्या, नवी लिहायची तर जुनी पुसायची. ‘ख = क’ आलं की ख वाल्याने क ची पाटी बघून आपल्या पाटीवर उतरवायचं आणि पाठ फिरवायची. मग क ने पुसून काहीही लिहू दे.

प्रतिसाद २
पाटीला अनुमोदन. दोन मशीनवर तीस पोरं बसवायची तर पार्सन्स प्रॉब्लेम करून बघा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली पद्धत आहे: प्रोग्रामच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून विस्कटून द्यायच्या, पोरांनी क्रम लावायचा. सोबत एखादी फसवी पट्टी टाकायची. वेचलेल्या कापसाच्या वजनांची बेरीज घ्या. ‘एकूण = एकूण + वजन’ ही खरी पट्टी, ‘एकूण = वजन’ ही फसवी. उत्तराचा अंदाज वहीत लिहिल्याशिवाय कोणत्याही गटाला मशीन द्यायचं नाही.

जुन्या डेस्कटॉपवर स्क्रॅच १.४ (ठोकळे म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) चालेल. त्यात व्हेरिएबलची किंमत ठेवायचा ब्लॉक वेगळा आणि वाढवायचा वेगळा, शिवाय चालू किंमत पडद्यावर दिसत राहते.

धागाकर्ता
लय आभार! पाट्या अंगणवाडीतून आणतो. एक शंका: ‘एकूण = ०’ ही पट्टी लूपच्या आत ठेवणारा गट निघेलच. त्यांना तिथेच टोकू का?

प्रतिसाद २
अजिबात नाही. १२, ९, १५ किलो अशी तीन वजनं द्या आणि पाटीवर चालवायला लावा. शेवटी १५ च उरतील. आधीचे २१ किलो कुठे गेले, हे शोधायला त्यांनाच भांडू द्या.