'दे दोंदे'मध्ये 'दे' दोनदा कसा?

कोथरूडकर:
पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकतोय. 'दोंदे' म्हणजे कुठे, 'दे दोंदे' म्हणजे कुठून. पण 'दोंदे'च्या पोटातच 'दे' (आपलं '-हून') आहे म्हणे. मग 'दे दोंदे एरेस?' (तू कुठला?) यात तो दोनदा झाला की! शिवाय 'आदोंदे' कधी वापरायचं?

व्युत्पत्तीवेडा:
अर्थाने पाहिलंत तर तीनदा! लॅटिनमध्ये 'ऊबी' म्हणजे कुठे आणि 'उंदे' म्हणजे कुठून, त्यामुळे 'उंदे'ला 'दे'ची गरजच नव्हती. ऱ्हस्व 'उ'चा स्पॅनिशमध्ये 'ओ' होतो ('उंदा'चं 'ओंदा', लाट), म्हणून झालं 'ओंदे'. तिकडे 'ऊबी' झिजून नुसता 'ओ' उरला. पंचाईत अशी की 'किंवा'लाही 'ओ'च. 'ओंदे' हळूहळू 'कुठे' या अर्थाकडे सरकला, तेव्हा 'कुठून'साठी पुढे 'दे' लावून 'दोंदे' केला. मग तोही घसरून 'कुठे' झाला, म्हणून परत एक 'दे'. आपलं 'परत पुन्हा' चालतंच की.

शनिवारपेठी:
'ओ'ला 'दे' लावून 'दो'ही झाला होता. तो आता 'पोर दोकिएर' (जिथेतिथे) यात उरलाय. इटालियन 'दोव्हे' म्हणजे 'दे' अधिक 'ऊबी', आणि फ्रेंच 'ऊ' थेट 'ऊबी'चाच. 'ऊबी'च्या आधी मुळात 'क' होता. लॅटिन 'आलिकूबी' (कुठेतरी) यात तो दिसतो. वैदिक 'कुह' (कुठे) त्याचाच भाऊबंद.

लकडीपूल:
वापराचं सांगतो. जायचं असेल तर 'आदोंदे बास?' (कुठे चाललास?), जोडून लिहा वा 'आ दोंदे' तोडून, दोन्ही चालतं. बोलताना 'दोंदे बास?'सुद्धा सर्रास. पण 'कुठे राहतोस'साठी 'आदोंदे बिबेस?' साफ चूक, राहण्यात जाणं कुठलं? मराठीत 'कुठे राहतोस' आणि 'कुठे चाललास' दोन्हीला 'कुठे'च, म्हणून एकदा 'आ' शिकला की आपल्याकडची मंडळी तो जिकडेतिकडे चिकटवतात.

मार्क जातात ते मात्र 'दोंदे'तल्या 'ओ'वरच्या तिरक्या रेघेपायी (ó). 'नो से दोंदे बिबे' (तो कुठे राहतो माहीत नाही) यात प्रश्नचिन्ह नाही, तरी रेघ हवी, कारण प्रश्न आत दडलाय. 'ला कासा दोंदे बिबो' (जिथे मी राहतो ते घर) यात नको. वाक्य मनात मराठीत म्हणा: 'कुठे' आलं तर रेघ, 'जिथे' आलं तर नाही.

कोथरूडकर:
म्हणजे 'दोंदे किएरास', हवं तिथे, बिनरेघेचं?

लकडीपूल:
बरोबर.