राकूचं ग्लेझ घरी कालवायचंय, तांब्याची झळाळी येत नाही

मातीतली (लातूर)
राकूसाठी (लालभडक भांडं भट्टीतून काढून भुशात धुरवायची पद्धत) पत्र्याच्या ड्रमला आतून सिरॅमिक फायबर लावून गॅसची छोटी भट्टी केलीय. बिस्किट भाजणी (ग्लेझआधीची पहिली भाजणी) नीट होते, ग्लेझचं, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचं, मात्र जमेना. नेटवर जिथं बघावं तिथं गर्स्टली बोरेट (बोरॉनचं खनिज) 80, नेफेलिन सायनाइट (दगडाची पूड) 20. गर्स्टली बोरेट आपल्याकडे कुठं शोधायचं? किराणातला टाकणखार चालेल का? आणि तांब्याची झळाळी हवी, तर भांडं हिरवंच निघतंय. पुढं चहाचे कपही करायचेत.

भट्टीजवळ
टाकणखार नको ताई. तो पाण्यात विरघळतो, भांडं बुडवलं की पाण्याबरोबर मातीत शिरतो. उरलेल्या बादलीत थंडीत खडे धरतात ते वेगळंच. बोरॅक्सची (टाकणखाराचीच) फ्रिट, म्हणजे वितळवून काच करून दळलेली पूड घ्या, बिनशिशाची, दुकानदाराला दोनदा विचारून. फ्रिट 80, चायना क्ले 20 इथून सुरुवात करा. तांब्यासाठी त्या शंभरावर 3-4 कॉपर कार्बोनेट. पांढऱ्या तडक्यांच्या ग्लेझला तांबं नको, टिन ऑक्साइड 5-6 घाला. 80 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा, दाट ताकाइतकं ठेवा. फ्रिट बदलली की गणित बदलतं, म्हणून आधी तुकड्यांवर बघा. पूड कालवताना मास्क लावाच.

हिरवं निघतंय कारण तांब्याला हवा मिळतेय. भोकातून बघत राहा: ग्लेझ आधी बुडबुडतं, मग सपाट होऊन ओलं असल्यासारखं चमकतं. तेव्हा चिमट्यानं उचला, भुशाच्या डब्यात ठेवा आणि रेंगाळू नका. भुसा पेटला की लगेच झाकण, कडेला ओली वाळू. धूर बाहेर यायला लागला की आत हवा जातेय समजा. पांढऱ्याचं उलट: भांडं थोडं हवेत धरा, टिंग टिंग वाजू द्या, मग भुशात घाला. धूर तडक्यांत शिरून काळ्या रेषा उमटतात.

जालनेकर
माती कोणती? शेतातली काळी असेल तर सोडा, ती वाळतानाच भेगाळते. लाल मातीत ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) 20-25 टक्के घाला, नाहीतर चिमट्यातच भांडं फुटेल. आणि कडब्याची गंज जवळ असेल तर भट्टी तिथून हलवा, उन्हाळ्यात ठिणगीला वेळ लागत नाही.

मातीतली
लाल मातीच आहे, ग्रॉग मात्र कमी घालत होते. गंज मागच्या बाजूलाच आहे, भट्टी हलवते. कपांचं सांगा ना.

भट्टीजवळ
कप नकोत. राकूचं अंग सच्छिद्र राहतं, ग्लेझ तडकलेलं, त्यात तांबं. जपानात राकूचे वाडगे चहासाठीच करतात, खरंय, पण क्योतोच्या त्या परंपरेत भुशात धुरी देण्याची ही पद्धत नाही. ती 1960 च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर या कुंभारामुळे रुळली. तुम्ही करताय ती हीच. फुलदाणी, दिवे करा. तेही उघड्यावर ठेवू नका, तांब्याची झळाळी हवेनं हळूहळू परत हिरवी पडते.