मदत हवी आहे: नेट नसलेल्या वर्गात व्हिडिओ कसे दाखवता?

नमस्कार मंडळी, आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी, लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही आलाय पण गावात रेंजच नाही, शाळेमागच्या टेकडीवर गेलं तरच मोबाईलला दोन काड्या येतात. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवर व्हिडिओ मी तिथेच डाउनलोड करते आणि वर्गात फोनवर दाखवते, पण एवढ्याशा स्क्रीनला एकदम पंधरा पोरं कशी बघणार, मागची टाचा उंच करून उभी असतात हो. ॲपमधलं डाउनलोड पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीवर लावता येत नाही, केबल लावली तर टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतो. परवा भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवला, छानच समजला, तरी व्हिडिओत पाव-अर्धा हलताना दिसला असता तर अजून पक्कं झालं असतं असं मनापासून वाटतं.

तर फोन टीव्हीला नेटशिवाय जोडायला नक्की काय घ्यावं? आणि कोलिब्री नावाची, नेटशिवाय धडे-व्हिडिओ दाखवणारी ऑफलाइन सिस्टीम कुणी मराठी शाळेत वापरलीय का? जुन्या लॅपटॉपवर चालेल का? प्लीज अनुभव असेल तर सविस्तर सांगा, दिवाळीच्या सुट्टीत सगळं बसवून घ्यायचंय.