आजोबांच्या ट्रंकेतील इटलीचे कागद आणि छायाचित्रे : विकावीत की जपावीत?

कृष्णाकाठ

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९४४-४५ साली इटलीच्या मोहिमेत लढले. माळ्यावर पडून असलेली त्यांची लोखंडी ट्रंक गेल्या महिन्यात उघडली, तेव्हा तळाशी मेणकापडात गुंडाळलेले एक पुडके निघाले. त्यात फॅसिस्ट पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याचे सदस्यपत्र आहे. त्यावर कुऱ्हाड बांधलेल्या काठ्यांच्या मोळीची मुद्रा असून वर्षाच्या जागी रोमन आकड्यांत बावीस लिहिले आहे. शिवाय टंकलिखित तीन कागद आणि एकवीस छायाचित्रे आहेत. बहुतेक छायाचित्रांत गणवेशातील माणसे जेवताना किंवा संचलन करताना दिसतात, परंतु एका चित्रात चौकातील भिंतीशी उभी केलेली साध्या कपड्यांतील माणसे आणि त्यांच्यासमोर बंदूकधारी आहेत. ते चित्र फार वेळ पाहवत नाही.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सदस्यपत्र आणि गणवेशातील दोन छायाचित्रे तेवढी विकत मागितली आहेत. बाकीचे किरकोळ आहे आणि घेतलेल्या वस्तू परदेशी संग्राहकाकडे जातील, असे त्यांनी सांगितले. मी काय करावे? आणि काहीच विकले नाही, तर हे सारे जपावे कसे?

दप्तरदार

सर्वप्रथम विनंती अशी की, त्या पुडक्यातील एकही वस्तू वेगळी करू नका. कोणता कागद कोणाच्या खाली होता, कोणती छायाचित्रे एकत्र बांधलेली होती, हे आठवते तसे आजच लिहून ठेवा आणि प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. छायाचित्रांच्या पाठी आपण पाहिल्या आहेत का? माझ्या अनुभवात पुढच्या बाजूपेक्षा पाठच अधिक बोलते.

वर्षाच्या बावीस या आकड्याकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. मुसोलिनीच्या राजवटीत ऑक्टोबर १९२२ मधील रोमवरील मोर्चापासून फॅसिस्ट वर्षे मोजली जात, म्हणजे बाविसावे वर्ष ऑक्टोबर १९४३ अखेरपासून ऑक्टोबर १९४४ अखेरपर्यंत चालले. जुना पक्ष जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता गेल्यावर बरखास्त झाला होता. १९३०च्या दशकात सरकारी नोकरीसाठी सदस्यत्व लागत असल्यामुळे पक्षाच्या आद्याक्षरांचा अर्थ लोक ‘कुटुंबाच्या गरजेपोटी’ असा लावत. आपल्याकडील पत्र तसे पोटापाण्याचे दिसत नाही. जर्मन सैन्याच्या आधाराने उत्तर इटलीत उभ्या राहिलेल्या मुसोलिनीच्या सालो येथील राजवटीत, सारे काही दिसत असताना नव्या फॅसिस्ट पक्षात पुन्हा नाव नोंदवणाऱ्या माणसाचे ते असावे. जून १९४४ अखेर याच नव्या पक्षाच्या सदस्यांची सशस्त्र ‘काळी पथके’ उभारली गेली. म्हणून सदस्यपत्र आणि चौकातले छायाचित्र एकाच पुडक्यात असणे ही बाब मला अतिशय गंभीर वाटते.

जपणुकीसाठी लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि पाठीवर शाईने काहीही लिहू नका. आम्लविरहित कागदात एकेक छायाचित्र ठेवून पत्र्याऐवजी पुठ्ठ्याच्या पेटीत, भिंतीला न टेकता ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने छायाचित्रे एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा उघडून पाहावे. डांबरगोळ्या मात्र थेट कागदावर ठेवू नयेत.

जुनीनाणी_पुणे

मी तीस वर्षे नाणी आणि युद्धकालीन कागद जमवतो, त्यामुळे व्यापाऱ्याने तेवढ्याच तीन वस्तू का मागितल्या, हे मला कळते. या बाजारात किंमत ठरते ती गणवेश, हुद्दा आणि मुद्रा यांवर. भिंतीशी उभ्या माणसांना तेथे भाव नसतो. मला हे या छंदातले सर्वांत लाजिरवाणे अंग वाटते आणि मी स्वतः अशी खरेदी बंद केली आहे.

तुकडे केल्याने काय हरवते, याचे उदाहरण कार्ल होकरच्या अल्बमचे आहे. हा आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीच्या कमांडंटचा सहायक होता. एका अमेरिकी अधिकाऱ्याला १९४६ मध्ये फ्रँकफर्टच्या एका घरात सापडलेला हा ११६ छायाचित्रांचा अल्बम त्याने सुमारे साठ वर्षे स्वतःकडे ठेवला आणि अखेर वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला दिला. त्यात छावणीचे अधिकारी सहलीला जाऊन हसताना, गाताना, फळे खाताना दिसतात आणि कैद्यांवर क्रूर प्रयोग करणारा डॉक्टर योझेफ मेंगेलेही दिसतो. केवळ मेंगेलेची चित्रे काढून विकली असती, तर चांगली किंमत आली असती. पण १९४४च्या ज्या महिन्यांत हंगेरीतून आणलेल्या लाखो ज्यूंना मारले जात होते, त्याच महिन्यांत हे लोक सुट्टीची मजा घेत होते, ही गोष्ट अखंड अल्बमाशिवाय इतक्या स्पष्टपणे सांगता आली नसती.

बनावट मालाबद्दलही सांगतो. मुसोलिनीच्या खोट्या रोजनिश्या इटलीतील मायलेकींनी तयार केल्या होत्या आणि १९५७ मध्ये पोलिसांनी तो प्रकार उघडकीस आणला, तरी १९६८ मध्ये लंडनचे एक वृत्तपत्र त्यांना भुलले. १९८३ मध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या कथित रोजनिश्यांसाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले. त्या कागदात युद्धानंतर वापरात आलेले रसायन सापडले आणि फसवणूक उघड झाली. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली आपली छायाचित्रे धरून पाहा. तशाच रसायनामुळे कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५०नंतरचा समजावा. तरीही आजोबांची ट्रंक, त्यांची पलटण आणि त्यांचा काळ हे एकमेकांशी जुळणे हाच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा आहे.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. छायाचित्रे उलटून पाहिली. दिव्याखाली एकही चमकले नाही. चार छायाचित्रांमागे शाईने इटालियन नावे आहेत. चौकातील छायाचित्रामागे आजोबांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे : ‘लूगोजवळ, एप्रिल ४५, म्हातारीने दिले.’ आजोबांनी ही सैनिकी लूट म्हणून आणली असावी, असे मी आजवर समजत होतो. व्यापाऱ्यांना नकार कळवला आहे.

बोलोन्यातील_मराठी

लूगो हे उत्तर इटलीतील गाव बोलोन्यातल्या माझ्या घरापासून रेल्वेने तासाभराच्या आतबाहेर आहे. जवळच सेनियो नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीने ती ओलांडली आणि त्याच चढाईत नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांची नोंद या दिवसांशी चोख जुळते.

असे छायाचित्र येथे किती मोलाचे ठरू शकते, ते सांगतो. १९९४ मध्ये रोमच्या एका लष्करी न्यायालयीन इमारतीत, दारे भिंतीकडे करून ठेवलेल्या कपाटात युद्धगुन्ह्यांची ६९५ प्रकरणे सापडली. येथे त्याला ‘लाजेचे कपाट’ म्हणतात. सांतान्ना दी स्ताझ्झेमा गावात १२ ऑगस्ट १९४४ रोजी झालेल्या हत्याकांडाचा निकाल त्यामुळे २००५ मध्ये, म्हणजे एकसष्ट वर्षांनी लागू शकला. आता आरोपी हयात नसतील, पण भिंतीशी उभ्या माणसांची नातवंडे असतील.

टंकलिखित कागद सरकारी कार्यालयाचे असतील, तर येथील कायद्याने ते खासगी मालमत्ता ठरत नाहीत. भारतातही १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मूल्याचे कागद परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून टपालाने काहीही धाडू नका. आधी पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात विचारा.

तूर्त दोन्ही बाजूंच्या प्रतिमा पुरेत. येथे प्रतिकार चळवळीच्या इतिहासाची संस्था आहे, तेथे मी स्वतः त्या घेऊन जाईन. शाईतील नावे दिसतात तशीच, एकही अक्षर न सुधारता पाठवा. आडनावाच्या एका अक्षरावरून येथे गाव ओळखता येते.