गर्भपातावरचं मत: तुमचं की फॉरवर्डमधलं?

परळकर: गर्भपातावर आपण मुंबईत बसून अमेरिकेची भांडणं लढतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड (१९७३) हा आपलाच निकाल उलटवला आणि इथे लोकांनी बाजू वाटून घेतल्या. आपला कायदा १९७१ चा, शांतिलाल शाह समितीच्या अहवालावरून आलेला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांत दोघांचं, तेही ठरावीक स्त्रियांसाठी. पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. निर्णय बाईचाच हवा, असं माझं मत. तुमचं उलट असू दे, पण आधी एवढं तरी वाचा की राव.

गिरगावकर आजोबा: कायदा वाचून मत बनत नाही. १९७१ च्या आधी कायदा वाचणाऱ्याने काय मत बनवायचं होतं? तेव्हा तर तो सरळ गुन्हा होता. मूळ प्रश्न पोटातल्या जिवाचा, त्याला तुम्ही हातच लावला नाहीत. भ्रूणहत्या आपल्या धर्मशास्त्रातही पापच. ते काही अमेरिकेतून आलेलं नाही.

परळकर: आजोबा, पाप मानायला ना नाही. पण तुमच्या पापाचा हिशेब शेजारच्या सुनेने का द्यायचा?

ड्युटीवरची सिस्टर: कागदावर नवऱ्याची सही लागत नाही, खरंय. प्रत्यक्षात मागतात. मी मागताना पाहिलंय, कुठे ते विचारू नका. आणि आठवड्यांचा हिशेब वाचायला सोपा असतो. व्यंग दाखवणारी सोनोग्राफीच साधारण १८-२० व्या आठवड्यात होते, मग दुसरा सल्ला, मग पैशांची जुळवाजुळव. २००८ साली मुंबईतलंच एक जोडपं उच्च न्यायालयात गेलं होतं. २४ व्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या हृदयातला दोष कळला होता, मर्यादा तेव्हा २० ची. परवानगी नाकारली, पुढे गर्भ आपोआप पडला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांना वाट्टेल ते ऐकवलं.

बोरिवली स्लो: मी व्हीलचेअरवर असतो, म्हणून विचारतो. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला तर आपण खवळतो. व्यंग आहे म्हणून पाडला तर सुटका म्हणतो, आणि कायदा तर तिथे मुदतच ठेवत नाही. मी गर्भपाताच्या विरोधात नाही. निर्णय बाईचा, तर २४ आठवड्यांनंतर फक्त माझ्यासारख्या गर्भापुरताच का?

परळकर: याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. मुलीच्या बाबतीत मात्र कायदा लिंगनिदानावर आहे. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला आणि १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने तो केला.

ड्युटीवरची सिस्टर: आणि त्याची दुसरी बाजूही ऐका. २०११ च्या जनगणनेत राज्यात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, मग धाडी सुरू झाल्या. बऱ्याच मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. त्या घेतात नऊ आठवड्यांच्या आत. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही! लिंगनिवड थांबवायची म्हणून भलत्याच बायकांची अडवणूक झाली.

गिरगावकर आजोबा: सिस्टर, हे मला ठाऊक नव्हतं. गोळ्या अडवण्यात अर्थ नाही. पण परळकर, ऑक्टोबर २०२३ चा निकालही वाचा. विवाहित बाई, २६ आठवडे, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने त्रासलेली. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात नाकारला. जिवाचा प्रश्न तिथेही उठलाच ना?

परळकर: उठला, आणि निकाल बाईच्या विरोधात गेला. मला तो पटत नाही. २६ व्या आठवड्यातही मी तिच्याच बाजूने.

गिरगावकर आजोबा: आणि ३० व्या?