पहिल्या आठवड्यातले तीन किलो
भात-भाकरी बंद करून आठवड्यात तीन किलो उतरले, असं कुणीतरी लिहिलंय. खोटं नसणार, पण त्यात चरबी थोडीच. भात-भाकरीतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. भाकरी सुटली की आधी तेच जातं, आणि सुरू झाली की परत येतं. आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढाच वेग झेपतो.

मी रोज पहाटे रंकाळ्यावर चालायचो आणि येताना मिसळ, वर दोनदा कट. (कट मागून न घेणारा कोल्हापूरकर असतो का?) चार महिने काटा जागचा हलला नाही. मिसळ फक्त रविवारी ठेवली, घरी मटकीची उसळ वाढवली, तालमीतल्या पोरांकडून जोर शिकलो, तेव्हा कुठं हलला. बैठका मात्र गुडघ्यांनी नाकारल्या.