मदत हवी आहे: २६ भागांची जुनी डब ॲनिमे मालिका, १००० ब्लू-रे संच – हिशेब बसेल का?

कोरी_चकती
१९९०च्या दशकातली मालिका तेव्हाच्या इंग्रजी डबसकट अमेरिकेत काढायची आहे. हक्कधारक किमान हमी (रॉयल्टीपोटी आगाऊ द्यायची रक्कम) १५,००० डॉलर मागतोय, रॉयल्टी घाऊक दराच्या २०%. छापील किंमत ५० डॉलर. प्रेसिंग, खोकं, वेष्टण धरून संचाला ४ डॉलर. चित्राचे मास्टर (मूळ प्रती) एसडी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या कमी रिझोल्यूशनच्या टेपवर. डबचा आवाज मात्र ब्रिटनच्या पॅल (तिथली टीव्ही पद्धत) टेपवरच सापडला, आणि तो जपानी चित्राशी जुळत नाही.

फडताळ
दुकानं साधारण निम्म्या किमतीत उचलतात. हाती २५, त्यातून ४ वजा, उरले २१. हजारच्या हजार खपले तरी २१,०००. हमी गेल्यावर राहिलेल्या ६,००० मध्ये ऑथरिंग (चकतीची मेनूसकट जुळणी), सबटायटल, ध्वनिदुरुस्ती, गोदाम आणि एएसीएसचं, म्हणजे कॉपी-संरक्षणाचं शुल्क (प्रेस केलेल्या ब्लू-रेला ते चुकत नाही). नाही बसत.

रॉयल्टी वेगळी धरू नका, ती हमीतूनच वळती होते. संचामागे ५ डॉलर म्हणजे सगळे खपून ५,०००. थोडक्यात हमी तिप्पट मागितली आहे. घासाघीस तिथे करा. प्रेसिंगमध्ये चार सेंट वाचवून काय होणार?

४०० संच आगाऊ नोंदणीने थेट विकलेत तर प्रत्येकी २५ जादा. कार्डाचं शुल्क आणि पॅकिंगचे ५ काढले तरी ८,००० वाढतात. टपालखर्च गिऱ्हाइकाकडून घ्या. ॲनिमएगो या अमेरिकी ॲनिमे कंपनीने २०१३ मध्ये 'बबलगम क्रायसिस'साठी किकस्टार्टरवर आधी पैसे उभे केले, ते उगाच नाही. बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने तर २०२४ पासून चित्रपट-मालिकांच्या चकत्या विकणंच सोडलं.

चकती एकच पुरे. २६ भाग × २४ मिनिटं = १० तास २४ मिनिटं. चित्र-आवाज सगळं मिळून १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) धरलं तर सुमारे ४७ जीबी, ५० जीबीच्या चकतीत मावतं. एसडीला एवढं भरपूर झालं. डिस्कोटेक ही अमेरिकी ॲनिमे कंपनीही कित्येक जुन्या मालिका अशाच काढते. एचडीत फुगवायच्या फंदात पडू नका.

ध्वनिफीत
फिल्मवरून पॅल केलेली टेप सेकंदाला २५ फ्रेमने पळते, तुमचं चित्र २३.९७६ ने. त्यामुळे २४ मिनिटांचा भाग जवळजवळ एक मिनिटाने आखडतो. आवाज ताणून आत्ताच्या लांबीच्या १०४.२७% करा. बरेच जण २४ धरून १०४.१७% करतात, मग सुरुवात जुळते आणि शेवटी ओठ दीड सेकंद मागेपुढे.

कोरी_चकती
१०४.२७ ने वेळ जुळली, आभार! पण पात्रं घोगरी बोलतायत.

ध्वनिफीत
म्हणजे पॅल करतानाच कुणीतरी आवाजाची पट्टी (पिच) दुरुस्त केली होती, तुम्ही ती पुन्हा उतरवलीत. शीर्षकगीत बदललेलं नसेल तर जपानी ट्रॅकशी ताडून बघा. मूळ टेपवरची पट्टी सारखीच निघाली, तर रीसॅम्पल (त्यात वेगाबरोबर पट्टीही बदलते) नको. पट्टी कायम ठेवणारा टाइम-स्ट्रेच लावा. टीव्हीसाठी कापलेल्या प्रसंगांना डब नसेलच, तिथे जपानी आवाज आणि सबटायटल.

फडताळ
सही करण्याआधी सव्वीसही भागांचा डब ऐकून घ्या, आणि डबचे हक्क करारात नाव घेऊन लिहवून घ्या. चित्राच्या परवान्यात ते आपोआप येतात असं नाही. मुदत संपल्यावर उरलेला साठा विकायला सहा महिने मागा. ब्लू-रेसाठी जग ए, बी, सी अशा विभागांत वाटलंय, आणि एका विभागापुरती लॉक केलेली चकती दुसरीकडच्या प्लेअरवर चालत नाही. जपान आणि अमेरिका दोन्ही ए विभागात, म्हणून स्वस्त चकती उलटी जपानात जाईल ही त्यांना धास्ती असते. जपानी ट्रॅकवर सबटायटल बंद करता येऊ नयेत अशी अट येऊ शकते. बिनदिक्कत मान्य करा, बदल्यात हमी उतरवा. भारत सी विभागात येतो, त्यामुळे ए-लॉक केलीत तर इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही.